सक्तीपासून सृजनापर्यंत : करवीरातील प्राथमिक शाळेची वाटचाल

या ज्युबिली ग्रंथाच्या इतर पानांवर आपल्या देवळाची उभारणी, आपले धर्मगुरू, धर्मभगिनी व सेवाभावी गृहस्थ यांचा वृत्तान्त वाचकांस मिळेलच. आमच्या वाट्यास आलेला विषय त्यामानाने लहान दिसेल; कारण तो लहानांचा आहे. सहा वर्षांचे मूल पाठीवर दप्तर घेऊन घराबाहेर पडते, ते दिवसातील चारपाच तास कोठे असते, तेथे काय करते, आणि सायंकाळी परत येते तेव्हा त्याच्याजवळ काय नवे असते, हा तो विषय होय. धर्मग्रामातील एकही घर असे नसेल की ज्यास या प्रश्नाशी कर्तव्य नाही.

या विषयात वस्तुतः दोन प्रश्न आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. मूल शाळेत यावे कसे, हा पहिला प्रश्न. आलेल्या मुलाचे मन शाळेत रमावे कसे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुराने १९१७ साली दिले. दुसऱ्याचे उत्तर याच नगरीत १९८५ साली एका लहानशा शाळेने देऊ केले. मध्ये अडुसष्ट वर्षे गेली. इतका काळ का लागला, आणि त्या उत्तरांतून आजच्या आईबापांनी व शिक्षकांनी काय घ्यावे, हे सांगण्याचा आमचा उद्देश आहे.

प्रथम जुन्या गावठी शाळेस न्याय दिला पाहिजे. पंतोजी, त्याची छडी आणि ओसरीवर मांडी घालून एकसुराने ओरडणारी मुले हे चित्र आपण थट्टेसाठी फार वापरले. परंतु त्या शाळेत दोन गोष्टी अशा होत्या की, ज्यांचे मर्म आज पुन्हा नव्याने शिकावे लागत आहे. एक म्हणजे धूळपाटी. फळीवर बारीक धूळ पसरावी आणि बोटाने किंवा काडीने तीत अक्षर काढावे. चुकले तर हात फिरवून पुसावे व पुन्हा काढावे. अक्षर डोळ्यांआधी बोटास कळे, आणि चुकीचा डाग कोठे शिल्लक राहत नसे. दुसरी गोष्ट म्हणजे अपूर्णांकांचे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सारे मुलाच्या जिभेवर असे. दीड आण्याला शेर, तर अडीच शेरांचे किती, असे वाण्याने विचारताच मूल पावणेचार आणे म्हणून सांगे. ते पाठांतर होते खरे. पण त्या पाठांतराचा प्राण बाजारात होता. सकाळी घोकलेला पाढा संध्याकाळी तराजूपाशी उपयोगी पडे.

त्या शाळेचे दोष उघड होते. तिचे दार थोड्याच जातींस उघडे होते, मुलींस तर बहुधा नव्हतेच, आणि छडीच्या धाकाने किती मुले अक्षरास कायमची पारखी झाली याची गणती कोणी ठेवली नाही. पुढे सरकारी शाळा आल्या, छापील पुस्तके आली, तपासनीस आले. घोकंपट्टी मात्र तशीच राहिली. सुटला तो बाजार. १९५७ साली दशमान नाणी आली आणि लवकरच शेर व मण जाऊन किलो व लिटर आले, तेव्हा दिडकी व अडीचकी यांचा उरलासुरला व्यवहारही संपला. मुलाच्या हातून धूळपाटी गेली, कानातून तराजूची भाषा गेली, आणि शाळेत उरले ते केवळ ओरडणे. शाळा मुलास नीरस का वाटू लागली, याचे एक मोठे कारण आमच्या मते हेच आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. हिंदुस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी केला. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात आरंभ करून १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. ज्यांचे बालपणीचे शिक्षण कागल व कोल्हापूर येथे झाले, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली हाच विचार वरिष्ठ कायदे मंडळापुढे विधेयकाच्या रूपाने मांडला. पण ब्रिटिश सरकारने तो मान्य होऊ दिला नाही. जे इंग्रजी मुलखात घडले नाही ते शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात घडविले. १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. त्या काळी एक रुपया ही शेतमजुरास सहज देता येण्याजोगी रक्कम नव्हती. दोन वर्षांनी, १९१९ साली, अस्पृश्य म्हणून गणलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांस सर्वांबरोबर एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम झाला. एकाच सतरंजीवर सर्वांची मुले बसली पाहिजेत, असा त्याचा अर्थ होता.

या कार्याची थोरवी आम्ही रतिभरही कमी लेखीत नाही. ज्याच्या बापास सही करता येत नव्हती असा मुलगा त्या हुकमामुळे शाळेत आला. सक्ती हा शब्द आज कानास कठोर लागतो. पण ज्या घरात मुलाचे गुरे राखणे हीच त्या घराची भाकर होती, तेथे सक्तीवाचून दुसरा उपाय नव्हता. तथापि दंडाच्या भयाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. दाराच्या आत येऊन तेथे रमणे हे दंडाने होत नाही. शरीर बाकावर आणि मन ओढ्याकाठी, अशी स्थिती असेल तर हजेरीपत्रक भरते, पण मूल रिकामेच राहते. शाहू छत्रपती १९२२ साली निवर्तले. त्यांनी उघडलेल्या दारातून आत आलेल्या मुलास द्यावयाचे काय, हा प्रश्न पुढल्या पिढ्यांवर येऊन पडला.

त्याच सुमारास जगात अन्यत्र या दुसऱ्या प्रश्नावर विचार चालू होता. इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसोरी या कॅथलिक बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एक बालगृह उघडले. मजुरांची मुले तेथे दिवसभर सांभाळावयाची होती. बाईंनी त्यांच्या हाती लाकडी ठोकळे, दंडगोल आणि खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे दिली. मुलाने अक्षरावरून बोट फिरवावे, मग ते लिहावे. आपल्या धूळपाटीची ही सख्खी बहीणच नव्हे काय? बाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या. महायुद्धामुळे त्यांस येथेच राहावे लागले, आणि १९४६ पर्यंत त्यांनी येथील शेकडो शिक्षकांस आपली पद्धत शिकविली.

त्यांच्या येण्याच्या पूर्वीच त्यांचे विचार भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी आपल्या मातीत रुजविले होते. गिजुभाईंचे बालमंदिर १९२० सालचे. ‘दिवास्वप्न’ या नावाच्या त्यांच्या पुस्तकात एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा एक वर्ग एका वर्षापुरता मागून घेतो आणि त्यावर प्रयोग करतो. पहिल्या दिवशी तो मुलांस शांततेचा खेळ शिकवू जातो आणि पुरता फसतो. मुले आरडाओरडा करून घरी पळतात. तेव्हा तो गोष्टींपासून प्रारंभ करतो. गोष्टींतून वाचन येते, खेळांतून शिस्त येते, नाटकांतून भाषा येते, फिरण्यातून भूगोल येतो. शेजारचे शिक्षक हसतात, पालक कुरकुरतात, अधिकारी साशंक असतात. हे पुस्तक कल्पित असले तरी शिक्षकाची पहिल्या दिवशीची फजिती त्यात लपविलेली नाही, म्हणूनच ते खरे वाटते.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे, आणि पुढे १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी शाळा चालविल्या. तेथे महागडी परदेशी साधने कोठून येणार? बिया, पाने, गारगोट्या, शिंपले, माती हीच साधने झाली. जी मुले गुरांमागे रानात जात त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. मूल शाळेत येत नसेल तर त्याच्या बापास दंड करावा, हे एक उत्तर. शाळेनेच उठून मुलाकडे जावे, हे दुसरे. दोन्ही उत्तरांस आपापल्या जागी मान आहे.

हातांच्या कामातून शिक्षण हा विचार वर्ध्यासही प्रकटला. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली १९३७ च्या ऑक्टोबरात तेथे परिषद भरली आणि तीतून ‘नई तालीम’ जन्मास आली. टकळी व चरखा, शेत व वाफा यांच्याभोवती गणित, भाषा, भूगोल गुंफावा, अशी ती योजना. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यास तर शिक्षणविचाराचा एक मोठा वारसा आहे. आजरे तालुक्यातील बहिरेवाडी येथे १९०७ साली जन्मलेले जे. पी. नाईक यांनी गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत आपले आयुष्य वेचले आणि पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून सर्व देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिण्यात प्रमुख भाग घेतला. खेड्यातील शिक्षण खेड्याच्या कामाशी जोडलेले असावे, ही दृष्टी याच मातीतली आहे.

कोणी म्हणेल की, गाणी, खेळ व कृती यांतून शिकविणे हे नवे खूळ आहे, आमच्या वाडवडिलांस ते ठाऊक नव्हते. आपल्या समाजाने तरी असे म्हणू नये. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले तेव्हा हातातील घंटा वाजवीत ते रस्त्यांतून मुले गोळा करीत आणि धर्माचे पाठ गाऊन घेत. तीच गाणी मुलांच्या तोंडून घराघरांत जात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले ‘ख्रिस्तपुराण’ ओवी छंदात रचले व ते १६१६ साली छापले गेले. ऐकणाऱ्यांच्या कानास जी चाल परिचित होती तीच त्यांनी घेतली. शिकणाऱ्याजवळ जे आहे तेथून आरंभ करावा, हा धडा त्यांनी चारशे वर्षांपूर्वी घालून दिला.

आता १९८५ साली कोल्हापुरात उघडलेल्या शाळेकडे येऊ. ती स्थापन करणाऱ्या लीलाताई पाटील यांचा जन्म २८ मे १९२७ रोजी झाला. राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले सुप्रसिद्ध कादंबरीकार ना. सी. फडके हे त्यांचे वडील. लीलाताईंनी आयुष्याची अनेक वर्षे शिक्षकांस शिकविण्यात घालविली. शिक्षणशास्त्र महाविद्यालयात त्या अध्यापिका होत्या. अशा व्यक्तीने निवृत्त होऊन व्याख्याने द्यावीत, ग्रंथ लिहावेत, असे जगास वाटते. लीलाताईंनी ग्रंथ लिहिले खरे, पण त्याआधी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिलीच्या मुलांसाठी मराठी माध्यमाची एक शाळा काढली आणि तिचे नाव ठेविले ‘सृजन आनंद विद्यालय’. शिक्षकांस जे आपण सांगत आलो ते प्रत्यक्ष मुलांपुढे खरे ठरते काय, हे पाहण्याचे धैर्य त्यात होते.

या शाळेचा विशेष थोडक्यात सांगावयाचा तर असा. स्पर्धा, शिक्षा आणि घोकंपट्टी यांची जागा तेथे अनुभव, निर्मिती आणि संवाद यांनी घेतली. मुलाने स्वतः पाहावे, स्वतः करावे, मग त्याविषयी स्वतःच्या शब्दांत बोलावे व लिहावे. पुस्तकातील उत्तर फळ्यावरून वहीत उतरविणे हे लेखन नव्हे, असा लीलाताईंचा आग्रह. ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच हा आग्रह सांगते. दुसऱ्या एका पुस्तकास त्यांनी ‘ऐलमा पैलमा शिक्षण देवा’ असे नाव दिले. मुलींच्या हादग्याच्या गाण्यातील गणेशदेवाच्या जागी त्यांनी शिक्षणास बसविले, यात केवळ विनोद नाही. मुलांच्या खेळातच शिक्षणाचे देऊळ आहे, हे त्यांस सांगावयाचे होते. १५ जून २०२० रोजी, त्र्याण्णव वर्षांच्या होऊन, त्या निवर्तल्या.

अशा रीतीने शिकविणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे वाचकांच्या डोळ्यांपुढे यावे म्हणून आम्ही आपल्याच नगरीचे एक शालेय वर्ष पुढे मांडतो. हे वर्णन कोणा एका शाळेचे नव्हे. कोल्हापुरातील कोणत्याही शाळेस, पैका न खर्चता, करता येण्याजोगे ते आहे.

जूनमध्ये शाळा उघडते तीच पावसाबरोबर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते, हे वाक्य पाठ करविण्यापेक्षा अंगणातील ओल्या मातीत मुलांनी पाच चर काढावेत आणि वरून तांब्याने पाणी सोडावे. वर्तमानपत्रात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज येते. एकोणचाळीस फुटांस इशारा आणि त्रेचाळीस फुटांस धोका, हे दोन आकडे कोल्हापूरचे लहान मूलही ऐकून असते. वर्गाच्या भिंतीवर फुटांची उभी पट्टी आखावी आणि रोज एका मुलाने उठून त्या दिवशीची खूण करावी. पंधरवड्यात आलेख म्हणजे काय हे मुलांस न सांगता कळते. २०१९ च्या ऑगस्टात ही पातळी पंचावन्न फुटांच्याही वर गेली होती. ती खूण पट्टीवर केली म्हणजे घरची माणसे त्या दिवसांत कोठे राहिली, कोणी कोणास आसरा दिला, हे मुले आपण होऊन सांगू लागतात. तोच त्या दिवसाचा निबंध. नदीवरचा कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा पावसाळ्यापूर्वी बरगे काढून मोकळा का करतात आणि पावसाळा सरल्यावर ते पुन्हा का बसवितात, हेही त्याच चरात दोन फळ्या रोवून दाखविता येते.

आषाढात बेंदूर येतो. घरोघर मातीचे बैल पुजतात. ते कुंभाराकडून आणण्याऐवजी वर्गात मुलांनी करावेत. एक पाय आखूड होतो, शिंग गळते, बैल आडवा पडतो. चार पायांवर भार समान कसा पडावा, माती किती ओली असावी, वाळताना ती का भेगाळते, याचे शास्त्र त्या पडलेल्या बैलात आहे. शेजारच्या कुंभारदादांस एक दिवस शाळेत बोलवावे. ज्या माणसास गाव केवळ मडक्यापुरते ओळखतो, त्यास मुले ‘गुरुजी’ म्हणून हाक मारतील. हा धडा कोणत्याही पुस्तकात नाही.

भाद्रपद-आश्विनात, सूर्य हस्त नक्षत्रात असता, हादगा येतो. पाटावर हत्ती काढून मुली त्याभोवती फेर धरतात. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढवीत सोळाव्या दिवशी सोळा. एकूण गाणी किती झाली? मुले प्रथम बोटांवर मोजतील, मग वहीत बेरीज मांडतील. एखादी मुलगी पाहील की, पहिला व सोळावा दिवस मिळून सतरा, दुसरा व पंधरावा मिळूनही सतरा. अशा आठ जोड्या, म्हणून एकशे छत्तीस. मोठमोठ्या गणितज्ञांस ज्या युक्तीचे कौतुक वाटले, ती तिने पाटावरच्या हत्तीपाशी शोधली. खिरापत ओळखण्याच्या खेळात मुले नेमके प्रश्न विचारावयास शिकतात. आणि फेरात मुलगेही घ्यावेत, त्यांस कोणी हसू नये.

दिवाळीत मातीचे किल्ले होतात. पन्हाळा तर हाकेच्या अंतरावर, कोल्हापुराहून सुमारे वीस किलोमीटर. किल्ला करण्याआधी मुलांनी त्याचा नकाशा काढावा. दहा पावलांस एक वीत धरावी, म्हणजे प्रमाण कळते. १६६० साली शिवाजी महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले ती वाट दोऱ्याने दाखवावी. इतिहासाचा पाठ मग सनावळीचा राहत नाही.

मार्गशीर्षात आपल्याकडे नाताळची तयारी आणि मळ्यांत गुऱ्हाळाची धांदल एकाच वेळी चालते. आपल्या मुलांनी गोठा विकत आणू नये, तो बांबूच्या कामट्या व गवत यांचा करावा. ताऱ्याच्या कंदिलास पाच कोने समान पडावेत म्हणून कामट्या मोजाव्या लागतात, भूमिती तीच. गुऱ्हाळावर गेल्यास सारी रसायनशाळा उघड्यावर मांडलेली दिसते. रस काहिलीत उकळतो, भेंडीच्या रसाने मळी वर येते, ती काढून टाकतात. पाक झाला की नाही हे गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून, त्याची गोळी होते काय, हे पाहून ठरवितो. मग वाफ्यात ओतणे, मग रवे. दहा किलो उसापासून साधारण एक किलो गूळ निघतो. बाकीचे नऊ किलो कोठे गेले, हा प्रश्न मुलांपुढे टाकावा आणि शिक्षकाने गप्प बसावे. चिपाडे, वाफ, मळी अशी उत्तरे एकेक करून येतील. १८९५ साली शाहू छत्रपतींनी वसविलेली शाहूपुरीची गुळाची पेठ पाहिली म्हणजे नागरिकशास्त्रही येथेच सापडते.

माघ-फाल्गुनात वर्षाचे लिहिणे एकत्र करून मुलांनी आपल्या हाताने एक हस्तलिखित तयार करावे. पूर, बैल, हादगा, किल्ला, गुऱ्हाळ हे त्यातील प्रकरणांचे मथळे. अक्षर वेडेवाकडे असेल, शुद्धलेखन कच्चे असेल. पण ते पुस्तक दुसऱ्या कोणाचे नसेल.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप शिक्षकांचा. साठ मुलांच्या वर्गात हे कसे करावे? सरकारी माहितीची पत्रके भरावीत की गुऱ्हाळास जावे? या तक्रारीत तथ्य आहे. अशा शिकविण्यास पूर्वतयारी फार लागते; ज्याने स्वतः चर काढून पाहिला नाही त्याने मुलांपुढे पाणी सोडू नये. परंतु वर्षातून बारा वेळा तरी हे करता येईल. महिन्यास एक याप्रमाणे. उरलेल्या दिवसांत पुस्तकच वाचावयाचे असले तरी ते निराळ्या डोळ्यांनी वाचले जाईल.

दुसरा आक्षेप आईबापांचा. खेळात वेळ गेला तर परीक्षेचे काय? याचे उत्तर एवढेच की, ज्याने आलेख भिंतीवर स्वतः काढला तो कागदावर काढताना अडत नाही. ज्याने फक्त उतरविला तो आकडे बदलले की थांबतो. पाढे पाठ नसावेत असे आमचे म्हणणे नाही. पाढे पाठ असावेतच. पण त्यांस पुन्हा एखादा बाजार जोडून द्यावा.

आमच्या मते खरा धोका निराळाच आहे. हल्ली ‘उपक्रम’ आणि ‘प्रकल्प’ हे शब्द सर्व शाळांत आले आहेत. शाळा मुलास प्रकल्प सांगते, मूल आईस सांगते, आई रात्री जागून थर्मोकोल कापते अथवा दुकानातून तयार वस्तू आणते, आणि सकाळी मूल ते सांभाळीत शाळेत नेते. शिक्षक त्यास शाबासकी देतात. यात मुलाने काय केले? वाहून नेले. बैल सुबक झाला, पण तो मुलाचा नव्हता. ज्या गरीब घरची आई धुणीभांडी करून रात्री नऊस परतते, त्या मुलाचा प्रकल्प साधा होतो आणि त्यास वाटते की आपण मागे आहोत. कृतीतून शिक्षण हे असमानता मिटविण्यासाठी होते. अशा रीतीने ते असमानता मांडून दाखविण्याचे साधन होते. म्हणून जी कृती करावयाची ती शाळेत, शिक्षकासमक्ष, मातीने व कागदाने, मुलाच्या स्वतःच्या हाताने व्हावी. घरी धाडलेला प्रकल्प आईबापांनी निःसंकोच परत पाठवावा.

दप्तराच्या ओझ्याविषयी नेमलेल्या प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली सांगितले की, ओझे केवळ पाठीवरचे नव्हे, न समजण्याचे आहे. २००९ साली भारताच्या संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास त्याने शाळेचा हक्क दिला, शारीरिक शिक्षेस मनाई केली, आणि त्याच्याच एकोणतिसाव्या कलमात असे घातले की, शिक्षण कृती, शोध व अन्वेषण यांतून, मुलास भय न वाटेल अशा रीतीने व्हावे. म्हणजे शाहू छत्रपतींचा पहिला प्रश्न आणि लीलाताईंचा दुसरा प्रश्न यांची उत्तरे एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसली. त्यास १९१७ पासून ब्याण्णव वर्षे लागली. कायद्याने पहिली गोष्ट पुष्कळ अंशी साधली आहे. आज आपल्या वस्तीतील बहुतेक मूल शाळेत जाते. दुसरी गोष्ट कायद्याने साधत नाही. ती वर्गाचे दार लोटून घेतल्यावर एक शिक्षक व त्याची मुले यांच्यामध्येच घडते किंवा घडत नाही.

म्हणून आमची धर्मग्रामातील सर्व कुटुंबांस विनंती आहे. मुलगा शाळेतून आला म्हणजे ‘किती गुण मिळाले’ असे विचारण्याआधी ‘आज हाताने काय केलेस’ असे विचारावे. शिक्षिकेने मुलांस चिखलात बसविले म्हणून तक्रार घेऊन जाऊ नये. मळलेला गणवेश साबणाने निघतो. आपल्यात कोणी सुतार, गवंडी, शिंपी, परिचारिका, चर्मकार, शेतकरी असेल, त्याने वर्षातून एक तास जवळच्या प्राथमिक शाळेस द्यावा, मग ती पालिकेची असो, जिल्हा परिषदेची असो की मिशनची. रंधा कसा धरावा, नाडी कशी मोजावी, कोल्हापुरी चपलेचे चामडे कसे कापावे, हे त्याने मुलांपुढे करून दाखवावे. आणि आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतही मुलांनी दाखले केवळ म्हणून न दाखविता ते खेळून, रेखाटून व करून दाखवावेत, एवढे येत्या जूनपासून आपण ठरवू. शाळेचे दार या नगरीत शतकापूर्वीच उघडले गेले आहे. आत गेलेल्या मुलाच्या हाती काही देणे, एवढेच आपल्याकडे उरले आहे.